फियाटचे नॉब
आधार गाडीत बसून डॅशबोर्डवरचे नॉब काढत होता. अमृतने ते जळगावातल्या मेहरूणच्या जागेच्या फाटकातूनच पाहिलं आणि तो जागच्या जागी थांबला.

गाडी त्यांच्या वडिलांची. जुनी फियाट, कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी. वडील होते तोवर पोरांना पुढच्या सीटवर बसायची सोय नव्हती. आणि आता हा थोरला भाऊ सोनगीरहून जळगावात येतो काय, कुणाला न सांगता ताडपत्री काढतो काय, स्क्रूड्रायव्हर चालवतो काय! सकाळी आईने फोन करून "आधार गाडी देखाले गया, तू बी देखी ले" असं म्हटलं नसतं, तर अमृतला पत्ताही लागला नसता.

तो दबकत पुढे गेला. हस्तिदंती रंगाचे, हाताळून गुळगुळीत झालेले नॉब आधार रुमालात ठेवत होता आणि त्यांच्या जागी काळे प्लास्टिकचे बसवत होता. रिक्षातसुद्धा कुणी लावणार नाही असे.

"काय चाललंय, भाऊ?"

आधार दचकला. रुमाल खिशात गेला. "काही नही. धूळ पुशी ऱ्हायनू."

"स्क्रूड्रायव्हरने?"

"तुले काय करनं शे? रविवारले वाटा उचलशी, तवय देख."

अमृतने वाद वाढवला नाही. वडिलांच्या दहाव्यालाच दोघांची वाटणीवरून जुंपली होती आणि तेव्हापासून ते एकमेकांशी धड बोलत नव्हते. जळगावात राहून अमृत अहिराणी विसरल्यासारखा बोलायचा. संतापला की मात्र ती बरोबर आठवायची.

शेती वाटून झाली होती. उरलं होतं सोनगीरचं घर आणि मेहरूणची जागा. घरच्या रिवाजाप्रमाणे थोरल्याने दोन वाटे पाडायचे आणि धाकट्याने हवा तो उचलायचा. आधारने एका वाट्यात हायवेला लागून असलेलं घर ठेवलं, दुसऱ्यात मेहरूणची जागा आणि तिथे उभी असलेली फियाट. ज्याला घर, त्याला आई. खुद्द आईला, लिलाबाईला, कुणी विचारलं नव्हतं.

अमृतचं घरावर कधीपासून मन होतं. ते पाडून त्याला लॉज काढायचा होता. "आणि आई?" असं कौतिकमामांनी विचारलं, तेव्हा "धुळ्याला वृद्धाश्रम आहेत की चांगले" असं तो चहाचा घोट घेता घेता बोलून गेला होता. आधार त्याच्या अंगावर धावला होता. मामांनी आवरलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी डोकी फुटायची. म्हातारी त्या घराबाहेर जगणार नाही, हे आधारला पक्कं ठाऊक होतं. अमृतलाही ठाऊक असावं, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

मेहरूणहून निघालेला अमृत थेट हिलालच्या गॅरेजमध्ये गेला.

"हिलालभाऊ, जुन्या गाडीचे नॉब बदलून कुणाचा काय फायदा?"

हिलालने बॉनेटमधून डोकंही बाहेर काढलं नाही. "फायदा कसला? नुकसान. शौकीन गिऱ्हाईक आधी डॅशबोर्ड पाहतं. मूळ नॉब शाबूत असलेली जुनी गाडी कुणी हातची सोडत नाही, साहेब. कुठे पाहिली?"

"कुठेच नाही," अमृत म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

आता त्याला सगळं लख्ख दिसलं. भावाला फियाट हवी होती. मूळ नॉब लपवून तो तिचं भंगार करून दाखवणार, धाकट्याला घर उचलायला लावणार आणि मागाहून नॉब परत बसवून गिऱ्हाईक गाठणार. अमृतचं डोकं भणाणलं. लहानपणापासून आधारने लपवलेली प्रत्येक वस्तू त्याने हिसकावून घेतली होती, मग ती त्याच्या कामाची असो वा नसो. आता या वयात तो बरा सोडेल!

रविवारी सोनगीरच्या ओट्यावर कौतिकमामांनी विचारलं, "बोल अमृत, कोणता वाटा?"

"मेहरूणची जागा आणि गाडी."

मामा बघतच राहिले. आधारचा चेहरा पडला. "घर ले ना, भो. हायवेवर शे. तुले लॉज काढना व्हता ना?"

"लॉज तूच काढ. मायले बी तूच सांभाळ." अमृतने घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही ठोकली आणि हात पुढे केला. "आनि तो रुमाल काढ."

"कोनता रुमाल?"

"गाडी म्हंजे बठ्ठी गाडी, नॉबसकट. काढ, चोर कुठला!"

आधार ताडकन उठला. मामा मध्ये पडले. मग आधारने खिशातून रुमाल काढला आणि धाकट्याच्या पायाशी भिरकावला. "ले. आते या दारमा पाय ठेवू नको."

"थुंकतो तुझ्या दारावर," अमृत म्हणाला. सांडलेले नॉब त्याने वाकून वाकून गोळा केले, शर्टाला पुसून खिशात भरले आणि मागे वळून न पाहता धुळ्याच्या रस्त्याला लागला.

मामा गेले. आधार थोडा वेळ ओट्यावर बसला, मग स्वयंपाकघरात गेला. लिलाबाई जुन्या लाकडी कपाटापुढे बसली होती. फटीत चमच्याची दांडी घालून खण उघडायची तिची खटपट चालली होती.

"गया?" तिने विचारलं.

"गया."

"सही?"

"करी गया, माय."

खण एकदाचा बाहेर आला. लिलाबाईने त्यातली चहाची पुडी काढली.

"आनि मन्या कपाटन्या मुठी?"

"बठ्ठ्या लई गया."