बाणाचा ण

"आता बघा सर, चूक व्हायचीच न्हाई," योगीराज म्हणाला.

योगीराजचं जिंतुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दिनकररावांच्या जुन्या सिस्टिमचे अपडेट बंद झाले, म्हणून तो लिनक्स ही फुकटातली सिस्टिम टाकायला आला होता. ते काम पटकन झालं. एक्सएमएल फायली लिहायला एडिटर, म्हणजे लिहायचं सॉफ्टवेअर, कुठला घ्यायचा, इथं मात्र घोडं अडलं होतं.

दिनकरराव निवृत्त मास्तर. आसपासच्या गावांतले बोलीतले शब्द गोळा करून ते एका ऑनलाइन शब्दकोशाच्या एक्सएमएल फायलीत भरायचे. मजकुराच्या आधी <उदाहरण> अशी खूण उघडायची आणि शेवटी </उदाहरण> अशी बंद करायची. एका अक्षराचाही फरक चालत नाही. त्यांचा हात नेमका तिथंच घसरायचा. उघडताना शाळेतलं 'उदाहरण', बंद करताना घरातलं 'उदाहरन'. फाइल अडायची. मग गंगाखेडहून धम्मशीलाचा फोन यायचा. सगळ्यांच्या फायली जोडायचं काम तिचं.

"सर, नळाचा न न्हाई, बाणाचा ण!" म्हणून ती खळखळून हसायची. मग जेवलात का, भाजी काय केली, गुडघा काय म्हणतोय. हे विचारणारं त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

योगीराजनं उघडलेला एडिटर भलताच हुशार होता. एक खूण उघडली की बंद करायची खूण स्वतःच लिहून मोकळा. दिनकररावांनी मुद्दाम 'न' घालून पाहिला. लगेच खाली लाल रेघ.

"यापेक्षा साधं काही हाय का?"

"हे एक हाय. पण यात चूक कळतच न्हाई, सर. किराण्याची यादी लिहायला ठीक."

"हेच राहू दे."

"एवढं चांगलं सोडून?"

"मला लय सुविधा झेपत न्हाईत बाबा," दिनकरराव म्हणाले. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेलं, त्यामुळं कान जरा गरम झाले.

योगीराज गेल्यावर त्यांनी फाइल पुरी केली. शेवटच्या ओळीत अगदी शुद्धीवर राहून 'उदाहरन' लिहिलं आणि पाठवून दिली. चहा टाकला. फोन ओट्यावरच ठेवला. चहा उतू जाईपर्यंत त्यांचं लक्ष फोनकडंच होतं.

फोन वाजला नाही. मेसेज आला, धम्मशीलाचा.

"सर, फाइल मिळाली. आमच्याकडंबी नवं सॉफ्टवेअर आलंय. न-णची चूक आता आपोआप दुरुस्त होते. सारखा सारखा फोन करून तुमाला तरास देणार न्हाई."

दिनकररावांनी उत्तर लिहिलं, "बरं झालं." पाठवण्याआधी दोनदा वाचलं. त्यात चुकण्यासारखं काहीच नव्हतं.