डाव्या चाकाची हवा

सकाळी ट्रॅक्टर पुन्हा डावीकडे कललेला होता.

हरेश्वरनं खाली बसून मागच्या डाव्या चाकाला मीटर लावला. काटा बघताच त्याची कानशिलं तापली. कालच पंक्चरवाल्यानं दोन्ही चाकं सारखी करून दिली होती. साबणाचं पाणी लावूनही पाहिलं, कुठं बुडबुडा आला नव्हता. म्हणजे हवा कुणीतरी सोडत होतं.

भातलावणीआधीच्या चिखलणीचे दिवस. हवेच्या बाबतीत हरेश्वर कुणाचं ऐकत नसे. चिखलात कमी, रस्त्यावर जास्त, पण दोन्ही चाकांत सारखी. नाहीतर बांध चढताना ट्रॅक्टर उलटतो, असं तो सगळ्यांना बजावायचा आणि हवा वर-खाली असली तर किल्लीच लावत नसे. चंदनसारच्या नाक्यावरून पंक्चरवाला यंत्र घेऊन येईपर्यंत दुपार व्हायची. तोवर रंभा, त्याची बायको, शेजारच्या गावातून जितेशचा ट्रॅक्टर बोलावून मोकळी झालेली असायची. रोपं थांबत नाहीत, म्हणायची. आपल्या शेतात परका ट्रॅक्टर फिरताना बघून हरेश्वरला जेवण जात नसे.

संशय एकावरच होता. कुडाच्या कुंपणापलीकडे राहणारा धाकटा भाऊ, भूपेश.

उन्हाळ्यात हरेश्वरला बांधावर फिट आली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ट्रॅक्टर बंद म्हणून सांगितलं. गोळ्या त्यानं घेतल्या, बाकीचं ऐकलं नाही. तेव्हापासून भूपेशनं एकच धोशा लावला होता, दादा, ट्रॅक्टर मी चालवतो. हरेश्वरला त्यात फक्त बापाच्या ट्रॅक्टरवरची नजर दिसली.

तो तडक कूड ओलांडून गेला. भूपेश अंगणात दात घासत होता. हरेश्वरनं त्याची बंडी धरली.

"ट्रॅक्टर पायजे म्हनून हे धंदे करतो?"

भूपेशनं तोंडातला फेस थुंकला.

"दादा, हात सोड."

हरेश्वरनं त्याच्या तोंडावर मारलं. हवा बघायला भूपेशला त्यानंच शिकवलं होतं, चाकावर ठोकून आवाज कसा ऐकायचा तेसुद्धा. ती शिकवण अशी फिरली, याचाच राग जास्त होता.

रंभा धावत आली. नवऱ्याला तिनं मागं ओढलं, पण तोंड सोडलं ते भूपेशवर. आळीतली माणसं दारात आली तरी ती थांबली नाही. आईमागं ह्याला मीच वाढवलं, माझ्याच ताटातलं खाऊन आमच्यावर उलटला, असं ती सगळ्यांना ऐकवत राहिली.

"भाऊजी, आजपासून आमच्या दारात पाय ठेवायचा नाय."

भूपेश खाली मान घालून आत गेला.

हरेश्वरला जरा बरं वाटलं. बायको एकदाची आपल्या बाजूनं बोलली होती. घरी येऊन त्यानं चहा घेतला. आता पंक्चरवाल्याची वाट बघायची नाही, म्हणाला, विरारला जाऊन हवा भरायचा पंपच घेऊन येतो. उद्या कुणी सोडली तरी एक चाक भरायला कितीसा वेळ लागणार. शेतात आपणच जाणार. रंभा हो म्हणाली.

त्याची रिक्षा वळणाआड गेली तशी रंभा मागच्या भाजीच्या वाफ्यांकडं आली. भूपेश विहिरीपाशी ओठ धूत बसला होता. तिनं पदराचं टोक भिजवलं आणि त्याच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं.

"ते पंप आनायला गेलेत," ती म्हणाली. "उद्या चारी चाकांची सोडा, भाऊजी."