डाव्या हाताचे टाके

"मावशी, रफू केलंय कुठे?" शाश्वत फॅशनच्या स्टुडिओतल्या मॅडम कुर्ता उजेडात धरून भोक शोधत होत्या.

"सापडलं तर माझं चुकलं," द्वारकामावशी म्हणाल्या.

"पण गिऱ्हाइकाला दिसायला हवं ना! फाटलेलं लपवायचं नाही, मिरवायचं. लाल दोरा, वाकडेतिकडे टाके. जमलं तर उद्यापासून कामाला या."

रफूचं दुकान बंद पडल्यापासून मावशींनी चार ठिकाणी काम मागितलं होतं. हे पाचवं. त्यांनी लाल दोरा ओवला. टाके सरळ पडले. उसवले, पुन्हा घातले, पुन्हा सरळ. तीस वर्षांचा हात ऐकेचना. मॅडम घड्याळाकडे पाहू लागल्या.

मग मावशींनी सुई डाव्या हातात घेतली.

टाके
        भेलकांडत
    निघाले.

"अय्या, काय जिवंत काम आहे! मावशी, नोकरी पक्की. कुणाकडून शिकलात?"

"आईकडून. सात वर्षांची असताना अगदी असेच घातले होते."

मॅडमनी कुर्त्याला लावायच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'आईकडून लेकीकडे आलेली कला.' मग कौतुकाने विचारलं, "टाके बघून आई काय म्हणाल्या हो?"

"उसव म्हणाली."