ढिली पँट

हॉस्पिटलातून मास्तर तडक आपल्या शिवणाच्या दुकानात आले, आतून कडी लावली आणि पहिलं काम काय केलं, तर पँट काढली. कमरेला टॉवेल गुंडाळला, पँट उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

धाकटी बहीण कोपऱ्यात काजं करत बसली होती. डोळे पिवळे, पाय सुजलेले, पण घरी पडून राहा म्हटलं की तिला राग यायचा. तिने विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"वजन तसूभर उतरलं नाही म्हणाल्या. उलट चढलंय."

तिची सुई चालूच राहिली.

तिचं लिव्हर कामातून गेलं होतं. मास्तरांच्या लिव्हरचा तुकडा तिला बसवायचा, असं ठरलं होतं. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, आडवी आली ती मास्तरांची चरबी. आधी लिव्हरवरची चरबी उतरवा, मगच सुरी लावू, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. आज त्या खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या होत्या, आता एकच महिना हातात आहे, त्यापुढे तुमची बहीण तग धरायची नाही.

मास्तरांचं डाएट म्हणजे एरवी घरादाराची करमणूक. कधी नुसती फळं, कधी नुसतं सूप, कधी एका वेळचं जेवण. सोमवारी गाजावाजा, बुधवारी बोऱ्या. पण या खेपेला गडी इरेला पेटला होता. साखर सोडली, तळलेलं सोडलं. बायको पुढ्यात ठेवील तो उकडलेला कोबी मुकाट्याने गिळला. रोज संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत धापा टाकत चालून आले.

घरात वजनकाटा नव्हता. टेप दिवसभर गळ्यात, पण ती स्वतःच्या पोटाला लावायची नाही, हा त्यांचा नेम. शिंपी स्वतःचं माप घेताना श्वास आत ओढतो, त्याच्याइतकं लबाड गिऱ्हाईक दुसरं नाही, असं त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं. म्हणून सगळा भरवसा या राखाडी पँटवर. आणि पँट तर आठवड्या-आठवड्याला ढिली होत होती. सकाळी ती वर ओढताना मास्तरांना भरून यायचं. त्या आनंदात मग कधी लोणी लावलेला पाव, कधी केकचा तुकडा आत जायचा. एवढ्याने काय होतंय, उतरतोच आहे की आपण.

आता उजेडात सगळं लख्ख दिसत होतं. मागच्या शिवणीवर उसवलेल्या टाक्यांची भोकं, एका ओळीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे ताजी टीप, केसासारखी बारीक आणि सरळ. अख्ख्या बाजारात अशी टीप घालणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक टॉवेल गुंडाळून उभं होतं.

"कधी सैल करायचीस ही?"

"तू पँट इथे टांगून, लेंग्यात फिरायला गेलास की."

"आणि मी वेडा इथे कोबी चघळतोय." मास्तरांचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. "का गं? मरायची एवढी हौस आलीय तुला?"

धाकटीने सुई कापडात टोचून ठेवली. "मरायची हौस कुणाला असते, दादा? जगायचंच आहे. पण तुला टेबलावर आडवं पाडून नाही. दोन लहान पोरं आहेत तुझी. तुझं काही बरंवाईट झालं तर वहिनीला कुठल्या तोंडाने सामोरी जाऊ? नको नको म्हटलं, तू ऐकतोस कुठे? म्हटलं, डॉक्टरीणबाईंनीच नको म्हणावं."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांना तिचा संताप आला होता आणि तिला कुशीतही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच जमेना. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं, मास्तर आहेत का म्हणून विचारलं आणि निघून गेलं.

मग ते उठले. पँट टेबलावर अंथरली. मागची शिवण कमरेपासून खालपर्यंत उसवली, खडूने नवी रेघ मारली. जुन्या मापाच्याही बरीच आत. धाकटी बघत होती. बारीक करतोय, करू दे, पुन्हा सैल करता येईल, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं, कारण तिने अडवलं नाही. पण मास्तरांनी मोठी कात्री उचलली आणि रेघेच्या बाहेरचं कापड, अगदी टाक्यापुरतं ठेवून, वरपासून खालपर्यंत कापून टाकलं.

ती धडपडत उठली. पुढेमागे माणूस सुटला तर शिवण सैल करता यावी, म्हणून ते कापड ठेवायचं असतं. तिच्या उभ्या आयुष्यात दादाने कुणाच्या कपड्यातलं ते कापलं नव्हतं. "अरे, काय केलंस हे? आता ही वाढवायची कशी?"

"वाढवायचीच नाही." त्यांनी चिंध्या पायाने बाजूला सारल्या आणि पँट तिच्या हातात दिली. "शिव. आणि हा महिनाभर दुसरी पँट मी घालणार नाही. अंगाला बसेल त्या दिवशी हीच घालून हॉस्पिटलात जाईन. तोवर हा टॉवेल आहेच."

तिने पँट कमरेशी दुमडून पाहिली. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

"एवढी बारीक कंबर तुझी लग्नातसुद्धा नव्हती, दादा."

"तेव्हा तू ठणठणीत होतीस," मास्तर म्हणाले.

धाकटी मशीनवर बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.