फिरकीचा त्रास नाही

टेबल टेनिसच्या बॅटच्या कडेची टेप सुटली होती म्हणून चष्मेवाल्याने तिचं टोक नखाने ओढलं. टेपबरोबर आणखी काहीतरी उचललं गेलं. पातळ, पारदर्शक. तो ओढत गेला तसं ते रबरावरून सोलून निघालं आणि शेवटी बॅटच्या आकाराचा एक पापुद्रा त्याच्या चिमटीत लोंबकळत राहिला.

नव्या रबरावर धूळ बसू नये म्हणून कारखान्यात लावतात तो. खेळण्याआधी काढायचा असतो. नवशिकेसुद्धा काढतात.

त्याने खालच्या रबराला बोट लावलं. बोट चिकटलं. असल्या चिकट रबरावर समोरच्याची फिरकी उलट जास्तच लागते.

*फिरकी: समोरच्याने कितीही फिरकी दिली तरी हे रबर दाद देत नाही. चेंडू निमूटपणे परत जातो. फिरकीचा त्रास नाही.*

हे त्याचंच वाक्य. दिवसा तो चष्म्याचं दुकान सांभाळायचा, संध्याकाळी या हॉलवर टेबल टेनिस खेळायचा आणि घरी जाऊन हौशी खेळाडूंच्या साईटवर रबरांची, बॅटींची परीक्षणं लिहायचा. हॉलमधले त्याला ‘चष्मेवाला’ म्हणत, साईटवरचे ‘दादा’. ‘आपण काही मोठे खेळाडू नाही, पण स्वतः खेळल्याशिवाय लिहीत नाही,’ असं प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर असायचं. या निळ्या रबरावर त्याने जेवढं लिहिलं तेवढं कशावरच लिहिलं नव्हतं. सर्वांत उपयुक्त परीक्षण म्हणून ते साईटवर सगळ्यात वर लागलं होतं. खाली कुणी काही लिहिलं की तो न वाचताच हात जोडल्याचं चित्र टाकायचा.

पहिल्या दिवशी चेंडू रबरावरून घसरला तेव्हा त्याला शंका आली होती. मग त्या शंकेलाच त्याने नाव दिलं. नव्या पद्धतीचं रबर.

कान तापले. त्याने इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर दोघं स्कोअरवरून भांडत होते. त्याने पापुद्रा मुठीत चुरगळला.

“बरं झालं भेटलास,” काकू त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या आणि स्वतःची बॅट त्याच्या मांडीवर ठेवली. तीच निळी बाजू वर. “ही ठेव तुझ्याकडे. आणि जोडीला दुसरं कुणी बघ.”

काकू निवृत्त नर्स. मिश्र दुहेरीत त्याची जोडीदार. मागच्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं होतं; प्लास्टर निघाल्यापासून त्या येताजाता चेंडू दाबत बसायच्या, पुन्हा खेळता यावं म्हणून.

“का हो काकू?”

“का काय! सर्व्हिस आली की माझा चेंडू पंख्याकडे. तू लिहिलंयस, फिरकीचा त्रास नाही. मग त्रास आहे कुठे? इथे.” त्यांनी मनगट त्याच्या नाकासमोर हलवलं. “झालं आता. संपलं ते.”

*कुणासाठी: सगळ्यांसाठी. या रबरावरही ज्यांचा चेंडू उडतो, त्यांनी रबर बदलू नये. स्वतःचं मनगट तपासावं.*

हे वाक्य टाकण्याआधी त्याने बायकोला वाचून दाखवलं होतं. “खोचक आहे जरा,” ती म्हणाली होती. त्याला ते कौतुक वाटलं होतं.

“काकू, कधीकधी एखादा नगच खराब निघतो,” तो म्हणाला. आवाज दुकानातला, गिऱ्हाइकाला समजावतानाचा.

“मलाही तसंच वाटलं. म्हणून दुसरं मागवलं. तेही तसंच.” काकू हसल्या, पण नीट नाही. “दोन्ही रबरं खराब आणि मी तेवढी ठणठणीत? एवढं खोटं स्वतःशी नाही रे बोलवत.”

*नियंत्रण:*

नियंत्रणाबद्दल काय लिहिलं होतं ते त्याला आठवेना. त्याने मूठ उघडली. पापुद्रा चुरचुरत उलगडला.

“हे काय?”

“हे काढायचं राहिलं होतं. माझ्या रबरावरचं.” तो जमिनीकडे बघून बोलत होता. “मी याच्यावर खेळलो काकू. आणि याच्यावरच लिहिलं. रबराला मी आज पहिल्यांदा हात लावला. तुमच्या मनगटाला काही झालेलं नाही.”

काकूंनी पापुद्रा ट्यूबलाइटसमोर धरला. त्यातून त्याच्याकडे पाहिलं. आणि त्या अशा काही हसल्या की पलीकडचं भांडण थांबलं.

“अरे गाढवा! लोकांचे डोळे तपासतोस ना तू? आणि मी मेली रोज मनगट शेकत बसलेय!” त्यांनी त्याच्या मांडीवरची बॅट ओढून घेतली. “दे इकडे. जुनं रबर लावते आणि दाखवते तुला.”

तोही हसला. छातीवरचा धोंडा उतरला.

“घरी गेलो की आधी ते परीक्षण काढून टाकतो,” तो म्हणाला. “कुणाला कळायच्या आत.”

काकूंचं हसू ओसरलं.

“काढून टाकशील? आणि खालचे?”

“खालचे कोण?”

“तू वाचत नाहीस?”

त्याने फोन काढला. आपलं परीक्षण भराभर वर सरकवलं. खाली सगळ्यात आधी काकू होत्या. ‘अचूक लिहिलंस. दोष माझ्या मनगटाचाच.’ त्याच्या खाली आणखी कुणी. ‘माझंही तेच. सराव वाढवून पाहिला, उपयोग नाही.’ मग एक जण. ‘बहिणीला घेऊन दिलं होतं. तिच्या हातातच खेळ नाही म्हणायचा.’ प्रत्येकापुढे त्याचे जोडलेले हात.

तो खाली, आणखी खाली गेला. शेवटचं कालच आलेलं होतं.

‘बॅट विकली, खेळ सोडला. दादा, तुमचे मनापासून आभार. नाहीतर मी उगाच रबराला दोष देत बसलो असतो.’