अपिलाचा बाक

करकार्यालयाच्या बाकावर बसून थोरल्याला तीन तास झाले होते. शेजारी त्याचा हिशेबनीस मांडीवर फायली घेऊन पेंगत होता.

"धाकटे साहेब कधीच दिसत नाहीत इथं," हिशेबनीस जांभई देत म्हणाला.

"त्याला कशाला यावं लागेल? तो मंत्र्यांच्या पंक्तीला बसतो."

दोघे भाऊ सरकारी कारखान्यांचे प्रमुख. थोरल्याकडे कागदाचा, धाकट्याकडे पाइपांचा. थोरला दरवर्षी कराविरुद्ध अपील करी, साहेबांची चार बोलणी खाई आणि थोडाफार कर कमी करून आणी. यंदा त्या पैशांत नवा बॉयलर बसवायचा होता. जुना कधी फुटेल याचा नेम नव्हता आणि त्याच्याभोवती चाळीस माणसं राबत होती.

बाकावरून उठून तो थेट धाकट्याच्या कारखान्यात गेला. तिथं अर्धी यंत्रं प्लॅस्टिकखाली झाकलेली होती. एवढी नवी यंत्रं आणून ठेवलीत, अजून उघडायलाही सवड नाही. असं मनात येऊन थोरल्याच्या पोटात दुखलं.

"मला मंत्र्यांकडे ने," तो म्हणाला.

"दादा, तू आहेस तिथं बरा आहेस."

"हो, नाहीतर तुझ्या ताटातलं कमी होईल. लहानपणीही असाच होतास. खाऊ पाठीमागे लपवून उभा."

धाकटा हसला नाही. एका यंत्रावरचं सरकलेलं प्लॅस्टिक त्यानं पुन्हा ओढून घेतलं.

"रविवारी ये," तो म्हणाला. "पण मी नको म्हटलं होतं, एवढं लक्षात ठेव."

रविवारी मंत्र्यांनी थोरल्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. धाकटा दाराजवळच्या खुर्चीत बसला. इतकी वर्षं जी जागा त्याची होती, ती आज आपली, हे थोरल्यानं डोळे भरून पाहून घेतलं.

"आजपासून तुम्ही आमचे," मंत्री म्हणाले.

थोरल्यानं लगेच बॉयलरचा विषय काढला.

"बघू की. आधी एक घरचं काम. तुमचं ते अपील उद्या मागे घ्या, आणि पुढच्या वर्षाचा करही आत्ताच भरून टाका. तिजोरीत खड्डा पडलाय. परके लोक नोटीस गेली की भांडायला येतात. आपल्या माणसाला नुसतं सांगितलं की पुरतं." मंत्र्यांनी प्रेमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाच वर्षं धाकट्यांनी निमूट भरलं. आता त्यांच्याकडे घेण्यासारखं काही उरलेलं नाही."