कोरी होणारी यादी

अर्धांगवायूनंतर बाबा खचले होते. दुसऱ्या शहरातून लेक रोज सकाळी ईमेलमधल्या सामायिक टास्क लिस्टमध्ये त्यांचे व्यायाम लिहायची. संध्याकाळपर्यंत यादी कोरी व्हायची. “रागाने पुसून टाकतात. आज चांगली खरडपट्टी काढते!” ती ऑफिसमध्ये धुसफुसली. कॉम्प्युटर विभागातली मैत्रीण खुर्ची ओढून बसली. “अगं वेडे, काहीच पुसलेलं नाही. झालेली कामं लपवायचं सेटिंग चालू आहे.” मैत्रिणीने ते बंद केलं आणि स्क्रीन भरून गेला. आधाराशिवाय उभं राहणे, झालं. दारापर्यंत चालणे, झालं. खाली बाबांनी स्वतःच ओळ वाढवली होती: जिना उतरणे, झालं! लेकीने लगेच घरी फोन लावला. “आई, बाबांना दे!” “सांगू नको म्हणालेत, पण ते घरात आहेत कुठे?” आई हसली. “कोपऱ्यावर दाढी करायला गेलेत. मी सोबत निघाले, तर माझ्यावरच डाफरले!”